एकीला झाकावं, दुसरीला काढावं

“गेला! परत तिच्यावर गेला!” धाकटी खुर्चीतून अर्धवट उठत ओरडली.

पडद्यावर निळ्या झग्यांतल्या आठ बायका नाचत होत्या. त्यांतल्या एकीच्या अंगावर तांबडा रंग चढला होता. खरा रंग नव्हे. एडिटरने तिच्यावर क्लिक केलं, की संगणक तिला केसांपासून चपलेपर्यंत बरोबर ओळखायचा, तांबड्या रंगाने भरून टाकायचा आणि ती नाचत जाईल तिकडे तिच्या मागोमाग जायचा. याला मास्क म्हणतात, हे धाकटीला आजच कळलं होतं. तो एकदा नीट बसला, की बाकीच्या सगळ्यांना अंधारात सारायचं आणि हिला एकटीला उजेडात ठेवायचं. पूर्वी म्हणे या कामाला आठवडा लागायचा, आता एआयमुळे चहा होईपर्यंत होतं. पण गाण्याच्या मध्यावर दोघीजणी एकमेकींना ओलांडून जागा बदलत, आणि तिथे तांबडा रंग टुणकन उडी मारून भलतीवरच जाऊन बसे.

“मावशी, यात मशीनचा तरी काय दोष?” एडिटर म्हणाली. तिशीतली मुलगी होती, किल्ल्यांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत तिचा स्टुडिओ होता. “तोच झगा, तेच केस, तोच चेहरा. माणसांना तरी तुम्ही दोघी बहिणी ओळखू येता का?”

“नाही येत. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं, असंच म्हणतात आम्हाला. म्हणून तर तुझ्याकडे आलेय. आता खरोखरच झाक एकीला.”

एडिटर खो खो हसली. धाकटीही हसली.

दोघी जुळ्या. थोरली काही मिनिटांनीच थोरली, पण तेवढ्या मिनिटांचा मान तिने जन्मभर घेतला. शाळा एक, वर्ग एक, पुढे नोकरीही एकाच चष्म्याच्या दुकानात. थोरली पुढे गिऱ्हाइकांशी बोलायला, धाकटी आतल्या खोलीत काचा घासून फ्रेमला बसवायला. कधी दोघी एकदम काउंटरवर दिसल्या, की गिऱ्हाईक घाबरून म्हणे, “अहो, माझा नंबर वाढला वाटतं!” हा विनोद त्यांनी हजार वेळा ऐकला असेल, आणि थोरली दर वेळी नव्याने हसायची. तिचं लग्न झालं, संसार झाला, नवरा गेल्यावर ती धाकटीकडे राहायला आली. निवृत्तीनंतर दोघींनी ज्येष्ठ महिलांच्या नृत्यवर्गात नाव घातलं. परवा वर्गाचा कार्यक्रम झाला. एडिटरनेच तो चित्रित केला होता. कार्यक्रम संपल्यावर जो तो येऊन म्हणाला, “दोघी काय छान नाचलात!”

दोघी. धाकटीच्या मनात त्या रात्री तो शब्द रुतून बसला. चांगली साठी उलटली, पण ‘तू छान केलंस’ असं तिला एकटीला कुणी म्हटलेलं तिला आठवेना. म्हणून आज ती दाताच्या डॉक्टरकडे जाते असं सांगून घरातून निघाली होती. पुढच्या शनिवारी वर्गात सगळ्याजणी आपापल्या आवडीची क्लिप दाखवणार होत्या. तिला तिची स्वतःची हवी होती.

“आता असं करू,” एडिटर म्हणाली. “जिथे चुकतंय तिथे मी थांबवते. तुम्ही फक्त सांगा, यातल्या तुम्ही कुठल्या. मी तुमच्यावर अधिकची खूण करते, तुमच्या ताईंवर वजाची. मग मशीनला कळेल.”

पहिल्या ठिकाणी धाकटीने झटकन बोट ठेवलं. दुसऱ्याही ठिकाणी. तांबडा रंग शहाण्या मुलासारखा तिच्या मागे चालू लागला. मग आली गिरकी. दोघी मधोमध, एकमेकींच्या पाठीला पाठ लावून गरगर फिरल्या आणि सुटून दोन बाजूंना गेल्या.

“ही मी,” धाकटी म्हणाली. “नाही, थांब. ही.” एडिटरने चित्र मागे नेलं, पुढे आणलं, मोठं केलं. धाकटी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून पडद्याला नाक टेकेपर्यंत वाकली. “अगं, मलाच कळत नाहीये गं.”

आपण आयुष्यभर लोकांवर रुसलो, आणि आपल्याला तरी कुठे आपण सापडतोय?

“अंदाजाने करू का?” एडिटरने हळूच विचारलं.

“अंदाजाने नको.” धाकटीने पर्समधून फोन काढला. “एकच माणूस सांगू शकेल.”

थोरली जिना चढून आली ती धापा टाकतच. दारातूनच तिने खोलीवर नजर फिरवली. “दाताच्या डॉक्टरकडे कॉम्प्युटर पण असतो वाटतं?”

धाकटीने सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. थोरली ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

“म्हणजे मला काढून टाकायचंय.”

“एकदाच गं. मी एकटी कशी दिसते, ते एकदा बघायचंय.”

“आरशात बघ की.”

“आरशात तूच दिसतेस.”

एडिटर उगीचच कीबोर्डवरची धूळ पुसू लागली. थोरलीने कोपऱ्यातलं स्टूल पायाने ओढलं. “सरक तिकडे. दाखव गं पोरी, कुठे अडलंय ते.”

गिरकी पडद्यावर आली. थोरलीने डोळ्याचं पातंही लवू दिलं नाही. “ही ती. आणि ही मी.”

“इतक्या पटकन कसं ओळखलंस?” धाकटीने विचारलं.

“हात बघ ना. जिचा आधी वर जातो ती तू. जिचा मागून जातो ती मी. मला कुठे स्टेप पाठ असतात! मी तुझ्याकडे बघून नाचते.”

“काहीतरीच!”

“काहीतरीच काय? शाळेत कविता तरी मला कुठे पाठ असायच्या? तुझ्या ओठांकडे बघायचे नि ओरडून म्हणायचे. ओरडायचे मी, म्हणून बाई माझी पाठ थोपटायच्या.”

एडिटरने ती जागा सावकाश चालवून पाहिली. खरंच, एक हात आधी वर जात होता, दुसरा त्याच्या मागून, अगदी कळेल न कळेल इतक्या उशिराने. धाकटीने ते परत बघितलं. पुन्हा लाव म्हणाली. आणखी एकदा लाव म्हणाली.

“मला आपलं वाटायचं, तू पुढे आणि मी मागे,” ती म्हणाली.

“दुकानात होते ना पुढे. तिथे नुसतं बोलायचंच होतं.” थोरली स्टुलावरून पडद्याकडे वाकली. “अगं ए, तो रंग गेला बघ परत माझ्यावर! हाकल त्याला!”

मग तिघींच्या उत्साहाला ऊतच आला. थोरली प्रत्येक ओलांडणीला “ही ती! ही मी! सोड मला!” असं ओरडे, एडिटर खुणा करी आणि धाकटीच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी येई. सगळ्यात शेवटी दोघी हातात हात धरून उभ्या राहत. तिथे थोरली झाकली गेली, पण तिची चार बोटं धाकटीच्या मुठीत तशीच उरली.

“ही पुसते,” एडिटर म्हणाली.

“पूस पूस,” थोरली म्हणाली. “भुताटकी वाटेल.”

बोटं गेली. धाकटीची मूठ नुसतीच अर्धवट मिटलेली राहिली. तिने त्या मुठीकडे जरा वेळ बघितलं.

शनिवारी वर्गाच्या हॉलमध्ये पडदे ओढले आणि एकेकीच्या क्लिप लागल्या. धाकटीची लागली तेव्हा कुजबुज थांबली. अंधारात एकच निळा झगा फिरत होता. पाय नेमके पडत होते, मान डौलात वळत होती, आणि मधूनच ती बाई डावीकडच्या अंधारात कुणालातरी बघून हसत होती. धाकटी मागे खिडकीपाशी उभी होती. ही बाई आपल्याला आवडली, असं तिच्या मनात आलं. आणि आपण आपल्याबद्दलच हे म्हणतोय, हे कळून ती एकटीच लाजली.

दिवे लागले. टाळ्या वाजल्या. वर्गात नवीन आलेली एक बाई लगबगीने पुढच्या रांगेतल्या थोरलीपाशी गेली आणि तिचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, “अहो, काय नाचलात तुम्ही! डोळ्यांचं पारणं फिटलं!”

अशा वेळी थोरली नेहमी गोड हसायची आणि दोघींच्या वतीने आभार मानून मोकळी व्हायची. आज तिने आपले हात हलकेच सोडवून घेतले.

“मी नव्हे हो,” ती मोठ्याने म्हणाली. “ती. ती तिकडे, खिडकीजवळ उभी आहे ना, ती.”

नवी बाई वळली. तिच्याबरोबर सगळ्या खुर्च्या करकरल्या, सगळ्या माना वळल्या. धाकटीने नेमकं तेव्हाच अख्खं बिस्कीट तोंडात टाकलं होतं. बोलायची सोय नव्हती. तिने घाईघाईने हात वर केला, शाळेत हजेरीला करतात तसा, सरळ, खांद्यापासून, आणि सगळ्यांचं बघून होईपर्यंत तो तसाच वर धरून ठेवला.