अर्धी गोळी

अच्युत देवस्थळी चंडीगडला सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं मोजमापाची उपकरणं बनवत होते. मोजता येतं ते आटोक्यात ठेवता येतं, अशी त्यांची ठाम समजूत होती आणि बायकोच्या मधुमेहापुरती ती अठरा वर्षं खरीही ठरली होती. सुलोचनाबाईंच्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी त्यांनी कधी साडेसहा टक्क्यांच्या वर जाऊ दिली नाही.

मग सुलोचनाबाई विसरू लागल्या. आधी नावं, मग गॅस, मग आपण जेवलो की नाही तेही. मार्चमध्ये एका सकाळी त्या स्वयंपाकघरात फरशीवर घामाने निथळत बसलेल्या सापडल्या. बोलणं जड झालं होतं. साखर एक्केचाळीस. गोळी घेतली होती आणि नाश्ता राहिला होता.

"अंकलजी, ही गोळी आता बंद," डॉक्टर वालिया हिंदीत म्हणाले. "दुसरी देतो. ती साखर इतकी खाली ओढत नाही. सरासरी आठ-साडेआठवर जाईल. जाऊ द्या."

"साडेआठ? डोळे जातील तिचे. किडन्या जातील."

"त्याला दहा-बारा वर्षं लागतात."

"मग?"

 वालियांनी मान खाली घालून चिठ्ठी लिहायला घेतली. न बोललेलं अच्युतरावांना नीट कळलं.

त्यांची मुलगी उल्का मोहालीतल्या कंपनीतून अर्धा दिवस रजा काढून आली होती. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "बाबा, ते आईला सोडून द्या म्हणत नाहीयेत."

"मग काय म्हणतायत?"

"तिला पडू देऊ नका, एवढंच."

अच्युतराव दोन दिवस विचार करत राहिले. त्यांचा सहकारी लक्ष्मीकांत साखरेकडे दुर्लक्ष करून डायलिसिसवर गेला होता. दोन वर्षं त्याला आठवड्यातून तीनदा त्यांनीच इस्पितळात नेलं होतं आणि सुईने काळानिळा पडलेला त्याचा दंड त्यांनी जवळून पाहिला होता. सुलोचनाचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. रीडिंग चुकतंय म्हणून कोणी उपकरण फेकून देत नाही, काटा थोडा मागे घेतो. त्यांनी जुनी गोळी मधोमध मोडली आणि रोज सकाळी अर्धी द्यायला सुरुवात केली. नवी पाकिटं कपाटात गेली.

"नवी सुरू केली ना?" उल्काने फोनवर विचारलं.

"केली."

एकोणीस दिवस सगळं ठीक चाललं. एकशे अठरा, एकशे सव्वीस, एकशे नऊ. विसाव्या दिवशी त्यांनी अर्धी गोळी दिली, पोळीभाजीची ताटली समोर ठेवली, सुलोचनाबाईंनी पहिला घास घेतलेला पाहिला आणि ते पाण्याची मोटर बघायला खाली गेले. दहा मिनिटांनी वर आले तेव्हा ताटली रिकामी होती. त्यांना बरं वाटलं. साडेअकराला न्हाणीघरात धप्पकन आवाज झाला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. साखर छत्तीस. पोळ्या दुसऱ्या दिवशी सोफ्याच्या गादीखाली मिळाल्या.

इस्पितळात वालियांनी साखरेचा कागद दोनदा वाचला. "या नव्या गोळीने एवढी साखर उतरायला नको. आत दुसरंच काहीतरी असणार. लिव्हर बघू, इन्फेक्शन बघू, पोटाचा स्कॅन करून घेऊ." ते एकेक तपासणी लिहू लागले. उल्का घाबरून ऐकत होती. पलीकडे स्ट्रेचरवर सुलोचनाबाई एका सुरात कण्हत होत्या.

"स्कॅन नको," अच्युतराव म्हणाले. "नवी गोळी दिलीच नाही मी. जुनीच देत होतो. अर्धी."

वालियांनी लिहिलेल्यावर एक रेघ मारली. ते रागावले नाहीत.

"तुम्ही मला केली म्हणालात," उल्का म्हणाली.

"हो."

"मी रोज विचारत होते, बाबा."

 उल्का आईच्या उशाशी जाऊन उभी राहिली आणि शस्त्रक्रियेला नेईपर्यंत तिथून हलली नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली, पण सुलोचनाबाई पुन्हा चालल्या नाहीत. उल्का सामान घेऊन आईवडिलांकडे राहायला आली. ऑफिसला निघण्याआधी नवी गोळी तीच देते. साखर कधी एकशे नव्वद येते, कधी दोनशे चौदा. ती आकडा मोठ्याने सांगते, अच्युतराव "बरं" म्हणतात. यापलीकडे दोघांत फारसं बोलणं होत नाही. त्या दिवसाबद्दल एकदाच झालं. उल्का म्हणाली, "मला खरं सांगितलं असतंत तर मी भांडले असते." ते म्हणाले, "म्हणूनच नाही सांगितलं."

दुपारी घरी दोघंच असतात. अच्युतराव वरणभात कालवून चमच्याने भरवतात. सुलोचनाबाई घास गालात धरून ठेवतात, म्हणून प्रत्येक घासानंतर ते बोट घालून पाहतात. कधीकधी त्या बोट चावतात. ते हळूच सोडवून घेतात आणि पुढचा घास भरवतात.