हेडली तट्टू झाला तो शनिवार

इंग्लंडातल्या अपर विडल गावात मी सव्वीस वर्षं औषधांचं दुकान चालवते, पण मेव्हिस क्राउचच्या डोळ्यांत पाणी पाहिलं ते त्या गुरुवारी पहिल्यांदाच. खोकल्याचं औषध मागायला आली आणि काउंटरला टेकून म्हणाली,

"सुनीती, जिमखाना बुडाला गं."

इथे जिमखाना म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी माळावर होणारे तट्टांचे खेळ. चमच्यात अंडं धरून तट्टू पळवायचं, रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी न्यायचं, जिंकलं की त्याच्या लगामाला रेशमी फूल. मेव्हिस त्याची चिटणीस. यंदा घोड्यांमध्ये घशाची साथ आली आणि आमच्या पशुवैद्य प्रिचर्डबाईंनी हुकूम काढला, की एकही जनावर जागचं हलवायचं नाही.

"एक वर्ष नाही झाला तर काय बिघडलं?" मी विचारलं.

"माळ जाईल ना! म्हाताऱ्या लेडी ऑल्डक्रॉफ्टनी मृत्युपत्रात लिहून ठेवलंय. दरवर्षी जिमखाना भरेल तोवर माळ गावाचा, एक वर्ष चुकलं की पुतण्याचा. तो मेला बंगले बांधायला टपूनच बसलाय." मग एकदम माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "अगं, पण शब्द तुमच्याकडचा ना? तुमच्यात काय म्हणतात जिमखाना?"

मी खरं तेच सांगितलं. मिरजेला आमच्या घरामागे जिमखाना होता. तिथे कॅरम, बॅडमिंटन आणि पेन्शनरांच्या गप्पा. घोडा म्हणाल तर बुद्धिबळाच्या पटावरचा, तोही एक हरवलेला.

मेव्हिस औषध तिथेच टाकून पळाली.

शनिवारी माळावर काठ्या, दोर, चहाचा तंबू, सगळं दरवर्षीसारखंच होतं. फक्त तट्टांच्या जागी गावातले अकरा नवरे उभे होते, आणि खांद्यांवरून गेलेले त्यांचे लगाम मागे बायकांच्या हातात. मेव्हिसचा हेडली त्यांतलाच एक. हा निवृत्त पोस्टमन आधीच अबोल. सकाळी न्याहारीला बायकोने बेत सांगितला तेव्हा त्याने एवढंच विचारलं म्हणे, "बूट घालू की नाल ठोकायचे?"

पुतण्या ऑल्डक्रॉफ्ट वकिलाला घेऊनच आला. "हा कसला जिमखाना? जिमखान्याला तट्टं लागतात!"

वकिलांनी मला बोलावून मिरजेचं सगळं पुन्हा वदवून घेतलं. मग पिशवीतून जाडजूड शब्दकोश काढला. त्यात पहिला अर्थ 'खेळांची सार्वजनिक जागा' असा होता आणि तट्टं दुसऱ्या अर्थात होती. वकील बराच वेळ दोन्हींमध्ये अडकून पडले.

"कशाला ते? इथे छापलंय बघा," पुतण्याने कार्यक्रमपत्रिका नाचवली. "'स्पर्धा फक्त तट्टांसाठी.' ही काय तट्टं आहेत?"

"तट्टू कशाला म्हणायचं ते मागे छापलंय," मेव्हिस म्हणाली. "खांद्यापाशी अठ्ठावन्न इंचांच्या आत भरेल ते. पाय किती असावेत ते कुठेही लिहिलेलं नाही."

नमुना म्हणून हेडलीला पुढे केलं. प्रिचर्डबाईंनी मोजपट्टी लावली. "साडेछप्पन."

"अहो, चांगला पावणेसहा फुटी माणूस आहे तो!" पुतण्या ओरडला.

"जनावराचं डोकं मोजत नसतात," बाई शांतपणे म्हणाल्या. मग सवयीने वय बघायला त्यांनी हेडलीचं तोंड उघडलं, तर कवळी त्यांच्या हातात आली. वयाची जागा कोरी सोडून त्यांनी दाखल्यावर सही केली.

काठ्यांची शर्यत सुरू झाली. हेडली झकास निघाला आणि तिसऱ्या काठीशी गपकन थांबला.

"चल ना रे! लोक बघतायत."

हेडली हलेना. "एक्केचाळीस वर्षं चल चल करतेस. आज मी तट्टू आहे. आज मला अडायचा हक्क आहे."

लोक हसले. मेव्हिस हसली नाही. तिने लगाम सैल सोडला आणि काहीही न बोलता उभी राहिली. तिला इतका वेळ गप्प मी तरी कधी पाहिलं नव्हतं. बाकीची तट्टं पुढे निघून गेली. मग हेडली आपला आपणच चालायला लागला. त्यांचा दहावा नंबर आला, तोसुद्धा एकाची चप्पल तुटली म्हणून.

'जिमखाना रीतसर भरला,' असं वकिलांनी लिहून दिलं. गावाने टोप्या उडवल्या. पण ऑल्डक्रॉफ्ट सोडतोय थोडाच! "तट्टू आहे ना तो? दाखला आहे ना? मग साथीचा हुकूम त्यालाही लागू. जागचा हलवायचा नाही."

प्रिचर्डबाई कानापर्यंत लाल झाल्या. आपलीच सही, आपलाच हुकूम. बाकीचे दहा नवरे आपलं मोजमाप व्हायच्या आत पसार झाले. हेडली मात्र कागदोपत्री तट्टू झाला होता.

तो दहा दिवस चहाच्या तंबूत राहिला. बाई रोज येऊन त्याचा घसा चाचपायच्या. दुपारी मेव्हिस घरी भाजलेला ॲपल-पाय घेऊन जायची आणि बाहेरच्या गवतावर बसायची, कारण तंबूत शिरायला मनाई होती. तिथे हेडली बोलायला लागला. कुणाचा कुत्रा त्याला कितीदा चावला, पाऊस पडत असताना कुणाच्या ओसरीत तो थांबायचा, कुठलं पत्र द्यायला त्याचा हात धजला नव्हता.

अकराव्या दिवशी त्याला सोडलं. त्या आठवड्यात मेव्हिस दुकानात आली तेव्हा मी विचारलं, "काय म्हणतो तुझा हेडली?"

"घरी आल्यापासून पुन्हा तोंडाला कुलूप."

"मग गं?"

"मग काय? ॲपल-पाय बांधून घेते आणि नेते त्याला माळावर." तिने खोकल्याची बाटली पिशवीत टाकली. "आटप लवकर, बाहेर उभा आहे तो."