दोन्ही बाजू सारख्या

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी इर्मगार्ड श्टोल्टेने खंजीर मापून खाली ठेवला आणि अहवालातला पात्याचा रकाना कोराच सोडला.

सुऱ्या-पात्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जर्मनीतल्या सोलिंगेन गावच्या संग्रहालयात हा खंजीर एकोणसाठ वर्षं काचेआड होता. मुठीच्या दोन्ही टोकांना गोल चकत्या, खाली निमुळतं पातं. पाटीवर ‘पंधरावं शतक’, त्याखाली ‘एवाल्ड श्टोल्टे यांची भेट’. एवाल्ड म्हणजे तिचे वडील. खंजीर नकली ठरला, तर ते नाव नकली माल देणाऱ्यांच्या यादीत जाणार होतं.

‘‘बाई, मी दुसऱ्या कुणाला बोलावतो,’’ संग्रहालयाचा प्रमुख बुर्कहार्ट म्हणाला. ‘‘घरचा मामला आहे.’’

‘‘चाळीस वर्षं लोकांचे खंजीर खोटे ठरवले. आता घरचा आला म्हणून डोळे मिटू? आणि ती कॉफी तिकडे ठेव. मागच्या वेळचा डाग अजून आहे.’’

तिने पुन्हा मापलं. पात्याच्या मधल्या कण्यापासून दोन्ही बाजू केसभरही कमी-जास्त नव्हत्या. जुना लोहार नजरेने ठोकायचा. त्याची एक बाजू हमखास जाड राहायची. सोलिंगेनच्या धारवाल्याला मात्र तसं सोडणं जमतच नाही.

वडील पात्यांना धार लावायचे ती वुपर नदीकाठची शेड तिला आठवली. पाणचक्कीची घरघर, ओल्या दगडाचा वास, कोपरापर्यंत करड्या चिखलाने माखलेले वडिलांचे हात. शनिवारी आई डब्यातून वाफल आणि गरम चेरी पाठवायची. इर्मगार्ड तेव्हा नऊ वर्षांची. गाळ उपसणाऱ्या बोटीवरच्या माणसाकडून वडिलांनी एक काळं, खड्डे पडलेलं पातं आणलं होतं. टोकाजवळच्या खाचेत तिचं नख बसायचं.

‘‘हे असं सोडवत नाही गं,’’ ते म्हणाले होते. ‘‘लोक म्हणतील, एवाल्डच्या घरात वाकडं पातं.’’

पुढच्या शनिवारी खाच गेली होती. पण ते पातं हेच का, हे तिला आता खात्रीने सांगता येत नव्हतं.

‘‘म्हणजे त्यांनी खरा खंजीर घासून सरळ केला,’’ बुर्कहार्ट म्हणाला.

‘‘किंवा नवाच केला.’’

‘‘तुम्हाला काय वाटतं?’’

‘‘ते लिहायला अहवालात रकाना नाही.’’

मुठीच्या आत शिरलेल्या पात्याच्या शेपटीला धारवाल्याचं चाक लागत नाही. म्हणून पावणेबाराला क्ष-किरण चित्र काढलं. शेपटीच्या लोखंडात, ते गाळताना राहून गेलेल्या मळीचे बारीक धागे दिसले. जुन्याच लोखंडात ते असतात. बुर्कहार्ट हसला. इर्मगार्डने बोट ठेवलं: पात्याकडच्या चकतीच्या अलीकडे, मुठीच्या आतच, दोन बोटांवर ते धागे एका तिरक्या रेषेशी थांबत होते. पुढे पात्याकडे एकही धागा नव्हता.

‘‘जोड आहे,’’ ती म्हणाली.

‘‘जुने लोहारही मऊ शेपटीला पोलादी पातं जोडायचेच की.’’

‘‘जोडायचे. बाबाही तुटकी पाती शेजारच्या भट्टीतून जोडून आणायचे. मी सोबत जायची.’’

गुरुवारी मूठ अलगद उतरवून जोडाच्या दोन्ही बाजूंचे खसखशीएवढे कण, पात्याकडचं पोलाद जुनं की नवं ते कळावं म्हणून, प्रयोगशाळेला पाठवले. शुक्रवारी दुपारपर्यंत फक्त पोहोच आली. निकालाला तीन आठवडे लागतील, असं त्यात म्हटलं आहे. काचेआडची जागा रिकामी आहे. पाटी बुर्कहार्टने अजून काढलेली नाही.