चिमणीचं वजन

आवाज.

चिमणीचा आवाज बारीक आणि तोंडाची टकळी सतत चालू, म्हणून तर ते नाव पडलं. हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या त्या मोठ्या लाँड्रीत ती सुपरवायझर झाली खरी, पण महिनाभराच्या बोलीवर. साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, की काम तुला येतं, पण तुझं वजन पडत नाही. पडलं नाही तर पुन्हा इस्त्रीच्या रोलरवर. रोलरवर म्हणजे दिवसभर वाफेत उभं राहायचं, आणि तिच्या पायांच्या शिरा आधीच दोरखंडासारख्या फुगलेल्या.

पाणी.

हेड ऑफिसनं शिकवायला एक बाई पाठवल्या. त्यांनी चिमणीला आरशासमोर बसवलं. कुणी काही म्हटलं की लगेच हलायचं नाही. पाण्याचा घोट घ्यायचा, सावकाश गिळायचा, मग काय ते करायचं. नजर रोखून ठेवायची. ज्याची नजर आधी खाली जाते, तो संपला.

चिमणी घरीही सराव करायची. नवऱ्यानं किल्ली कुठंय विचारलं, तरी घोट. धाकटी जाऊ हसून हसून बेजार. तिला रोलरवर कामाला चिमणीनंच चिकटवून दिलं होतं.

"ताई, घराला आग लागली तर आधी बाटली शोधशील गं."

बाही.

रोलरजवळचं मशीन थांबवायचं बटण कधीचंच बिघडलेलं. चादर अडकली की लावणारीनं ओरडायचं आणि सुपरवायझरनं आपल्या टेबलाजवळचा खटका खाली ओढायचा, अशी तिथली रीत. एरवी चिमणी अर्ध्या शब्दावरच खटका ओढायची.

महिना संपत आला तसे साहेब आणि बाई तिला पारखायला आले, तिच्या मागेच उभे राहिले. तेवढ्यात एका चादरीचा पिळा झाला आणि जावेच्या मनगटाला आवळला.

"ताई, बंद कर."

चिमणीनं बाटली उचलली. घोट घेतला. सावकाश.

मग खटका ओढला. चादर पलीकडून बाहेर आलेली होती. कडक इस्त्रीची, लाल.

चौकशीच्या कागदावर अडकली ती बाहीच. (हात नव्हे.)

चौकशीत साहेबांनी बटणाचा विषय काढला नाही. चिमणीनंही नाही. घोट घेऊन ती म्हणाली, "तिनं बाही दुमडली नव्हती." साहेबांची मान पसंतीनं हलली. ती कायम झाली. तेव्हापासून ती आत आली की बायकांचं बोलणं जागच्या जागी विझायचं. आता पडतंय वजन, असं बाई जाताना म्हणाल्या.

घरी चिमणी जावेला घास भरवत होती. जावेचा उजवा हात मनगटाशीच संपत होता, वर पांढरं बँडेज.

"ताई, तुला ऐकू आलं होतं ना?"

चिमणीनं ताट खाली ठेवलं. बाटली जवळ ओढली, घोट घेतला, सावकाश गिळला. नजर रोखली.

जाऊ बघत राहिली, बघत राहिली, आणि शेवटी तिनं मान खाली घातली.

चिमणीनं ताट उचललं.

"आ कर."