माझ्या पाठीवरची उलटी छत्री

मी एक हातपंप बोलतोय. संग्रहालयाच्या मोठ्या दालनात, लाल दोरीच्या आत, भिंतीला पाठ लावून उभा असलेला हिरवा पंप. पायाशी पितळी पाटी आहे, 'देशात घडलेला पहिला पंप'. माझ्या रांगेत पहिला रेडिओ आहे, पहिलं शिवणयंत्र आहे, पहिला विजेचा पंखा आहे. ते खरे आहेत. मी नाही. रोज सकाळी दिवे लागतात तेव्हा वाटतं, माझ्यावरचा तेवढा आज गेलेला असू दे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे शेकडो पंप साच्यातून निघायचे. पाठीवर, तळाच्या कड्यापाशी, कारखान्याचं नाव ओतलेलं असायचं. मला तेवढी ओळख पुरेशी होती. भुसा भरलेल्या खोक्यात घालून मला इकडे पाठवलं, तेव्हा वाटलं होतं की एखाद्या विहिरीवर जाईन, पाणी ओढीन आणि म्हातारा होऊन गंजेन.

खोकं उघडलं ते पत्र्याच्या छपराच्या एका कार्यशाळेत. हा देश तेव्हा नवा होता. सुईपासून इंजिनापर्यंत सगळं बाहेरून यायचं. लोकांना त्याची लाज वाटायची आणि त्या लाजेपोटी ते झपाटल्यासारखे काम करायचे. ती चांगली लाज होती. माझी तशी नाही.

मला नमुना म्हणून आणलं होतं. मला बघून आपला वेगळा पंप करायचा, हे काम एका फिटरकडे दिलेलं. त्यांचे हात कधी स्वस्थ नसायचे, म्हणून सगळे त्यांना खुडबुडे मास्तर म्हणत. त्यांनी मला खोललं, एकेक भाग फडक्यावर मांडला आणि दुसऱ्याच दिवशी परत जोडून बाकावर ठेवला.

"काय मास्तर, एवढ्यात शिकून झालं?" शेजारच्या लेथवाल्याने विचारलं.

"हा शहरातला जावई आहे रे," मास्तर म्हणाले. "गाळलेलं पाणी लागतं याला. आपल्याकडचं पाणी म्हणजे निम्मी माती. महिन्याभरात घसा धरेल याचा."

ते बरोबर बोलले होते. माझ्या पोटात कातडी झडप आहे. तिच्याखाली रेतीचे चार कण अडकले की ती मिटत नाही, मग दांडा नुसता वरखाली होत राहतो. मास्तरांनी झडपेच्या जागी काचेची गोटी बसवली, मुलं खेळतात तसली. पाणी आलं की गोटी उचलली जायची, गोल फिरायची, आणि फिरता फिरता स्वतःला धुऊन पुन्हा भोकावर बसायची. गोटी निळी होती.

"घरी विचारून आणलीत ना?" लेथवाला म्हणाला.

"विचारलं असतं तर दिली असती का? खेळात जिंकलेली आहे लेकीने. तिला जीव मागितला असता तर दिला असता, गोटी नाही."

बाकावरून मी हे सगळं बघायचो. हेवा वाटला नाही. मला घडवताना इतका विचार कुणी केला होता, असं मला आठवत नाही.

त्या कार्यशाळेत एक रीत होती. काम पुरं झालं की कारागीर त्यावर आपला ठसा मारायचा. कुणाचा मासा, कुणाचं पान, मास्तरांची छत्री. आणि तपासणीत जे नापास होईल, त्यावर तोच ठसा उलटा मारायचा. म्हणजे, हे माझंच आहे, पण चालणार नाही. भंगाराच्या ढिगात उलटे मासे, उलटी पानं कितीतरी असायची. कुणाला त्यात कमीपणा वाटत नसे.

कार्यशाळेच्या मोठ्या साहेबांनी वर सरकारला शब्द दिला होता की ठरल्या दिवशी पहिला पंप पाण्यासकट दाखवू. चार दिवस उरले. मास्तरांचा पंप पाणी ओढायचा, पण खडखडायचा आणि सांध्यातून गळायचा. मास्तर म्हणत होते, तीन आठवडे द्या. जेवणाच्या सुट्टीत साहेब एकटेच आले.

"मास्तर, या पाहुण्याच्या पाठीवरचं नाव घासून काढा. हिरवा रंग द्या."

"साहेब, हा आपला नाही."

"एका दिवसापुरता आपला. लोक किती आशेनं बघतायत, ठाऊक आहे ना? पुढच्या महिन्यात तुमचाच लावू. माझा शब्द."

"आणि ठसा?"

"मारा की तुमची छत्री. तुमचंच नाव होतंय, मास्तर."

साहेब लबाड नव्हते. त्यांना फार घाई होती, एवढंच. जेवणाचा डबा तसाच ठेवून मास्तरांनी कानस घेतली. लोखंडाचा कीस त्यांच्या चपलांवर पडत राहिला. माझं नाव गेलं. मग त्यांनी ठसा उचलला, बराच वेळ हातात धरला, इकडेतिकडे पाहिलं आणि उलटा टेकवला. हातोडीचा एकच घाव. वर हिरवा रंग फासला. भिंतीशी उभा राहणाऱ्या पंपाची पाठ कोण बघणार होतं?

ठरल्या दिवशी मांडव, गर्दी, आणि माझ्याखाली स्वच्छ गाळलेल्या पाण्याची टाकी. प्रमुख पाहुण्यांनी दांडा धरला. मी मनाशी म्हणालो, अडक. एकदाच अडक, सगळं उघड होईल. पण नवं तेल होतं, गार पाणी होतं, आणि लोक श्वास रोखून माझ्याकडे बघत होते. मी धो धो पाणी दिलं. टाळ्या थांबेनात. साहेबांनी डोळे पुसले. आणि मला ते आवडलं. घासलेल्या नावापेक्षा मला याची जास्त लाज वाटते.

मास्तरांचा पुढचा महिना आलाच नाही. पहिला पंप तर होऊन गेला होता, आता आणखी एक पहिला कुठून आणणार? माझ्या अंगावरून शेकडो नकला काढल्या आणि गावोगाव पाठवल्या. गढूळ पाण्याने एकेकीचा घसा धरला. बायकांनी पुन्हा घागरी उचलल्या. तोवर मी इथे दोरीच्या आत आलो होतो. पुढे कार्यशाळा बंद पडली, तिथलं सामान संग्रहालयाच्या जिन्याखाली कोंबलं गेलं. त्यात मास्तरांचा पंपही होता. माझ्या जागेवरून तो जिना दिसतो. इतकी वर्षं त्या पंपावर फरशी पुसायची फडकी वाळत होती.

गेल्या आठवड्यात पन्नाशीच्या एक बाई आल्या. इथला पहारेकरी पाहुण्यांना सगळं तोंडपाठ म्हणून दाखवतो. त्याने सुरुवात केली, "हा आपल्या देशाचा पहिला..." तोवर बाई दोरीखालून आत.

"ओ ताई! आत नाही जायचं हं."

"मला याची पाठ बघायची आहे."

"पाठ? लोक तोंड बघायला येतात हो."

"मी दातांची डॉक्टर आहे. समोरून सगळे चांगलेच दिसतात."

पहारेकऱ्याला हसू आलं आणि तो अडवायचं विसरला. बाईंनी पर्समधून दांडीचा छोटा गोल आरसा काढला, भिंत आणि मी यांच्या मधल्या फटीत सरकवला. मला म्हणाल्या, "आ करा." मग आरसा तसाच धरून त्यांनी कपाळ भिंतीला टेकलं.

"ताई, बरं वाटत नाही का? पाणी आणू?"

"इथे छत्री आहे. उलटी."

"आरशात उलटंच दिसणार."

"आरसा डावं-उजवं करतो, दादा. वरचं खाली करत नाही." त्यांनी बोट घालून रंगाखालची खूण चाचपली. "माझं गणित चुकलं की बाबा वहीत अशीच छत्री काढायचे. उलटी म्हणजे हे चालणार नाही, परत कर. आई म्हणायची, सगळ्यांची यंत्रं झाली, यांचं एकही पुरं झालं नाही. मीही म्हणायचे. तोंडावर म्हणायचे. ते पुढचं गणित तपासायचे. जाताना एवढंच म्हणाले, त्याची पाठ बघ. आणि जिन्याखाली बघ."

पहारेकरी टोपी काढून गुडघ्यावर बसला आणि त्याने स्वतः आरशात पाहिलं. घासलेला चट्टा, शेजारी छत्री. "तीस वर्षं पोरांना सांगतोय मी," तो पुटपुटला. मग एकदम उठला. "जिन्याखालचं सगळं उद्या भंगारात जाणार आहे. गाडी सकाळी येते."

दोघांनी फडकी बाजूला करून मास्तरांचा पंप ओढून बाहेर काढला. तो कलता केला तशी आत काहीतरी घरंगळलं. बाईंनी त्याच्या तोंडात आरसा धरला.

"माझी निळी," त्या म्हणाल्या. "मैत्रिणीने चोरली म्हणून वर्षभर बोलले नाही मी तिच्याशी."

त्यांनी त्याची पाठही पाहिली. तिथे ठसा नव्हता, सरळही नाही आणि उलटाही नाही. काम पुरं कुठे झालं होतं!

पहारेकऱ्याने फरशी पुसायची बादली आणली. पाणी काळं, खाली गाळ. दट्ट्याचं वाळलेलं कातडं भिजावं म्हणून तासभर पंप त्यातच उभा केला. मग बाईंनी दांडा मारला. पहिले वीस-पंचवीस हिसके कोरडे गेले. तो खडखडला, सांध्यातून गळला, बाईंची साडी भिजली, आणि मग त्याच्या तोंडातून ते घाण पाणी सलग वाहू लागलं. त्या पाण्याने मला एका घोटात गुदमरवलं असतं.

दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा पहारेकरी जिन्याशी स्टूल टाकून बसला होता. "हे सोडून काय न्यायचं ते न्या," म्हणाला. संग्रहालयाच्या कार्यालयाने पाटी बदलण्यासाठीचा बाईंचा अर्ज ठेवून घेतला आहे. कागदाचा पुरावा मागतात. कागद नाही. पुरावा माझ्या पाठीवर आहे, आणि मला वळता येत नाही.

आज शाळेची मुलं आली होती. पहारेकरी नेहमीसारखा माझ्यासमोर उभा राहिला, घसा खाकरला. "हा आपल्या देशाचा..." आणि थांबला. मुलं वर बघत राहिली. मग तो म्हणाला, "पहिला इथे नाही. जिन्यापाशी आहे. चला."

सगळी गेली. दालनात मी आणि माझ्यावरचा दिवा. तिकडून खडखड ऐकू आली, मग पाणी, मग पोरांचा गलका. आजवरच्या टाळ्यांपेक्षा ते ऐकणं मला सोपं गेलं.

तुम्ही कधी आलात तर माझ्यासमोर थांबू नका. कुणीतरी मला भिंतीपासून हातभर पुढे ओढा, पाठीवरचा रंग खरवडा आणि ती छत्री सगळ्यांना दिसू द्या. ती उलटीच राहू द्या. मास्तरांनी माझ्याविषयी तेवढंच खरं लिहिलं आहे.