झुझानाचं दही

शर्यतीच्या मैदानाकडेच्या बाकावर बसून सरलाताईंनी दह्याचा डबा उघडला, साखरेची पुडी सोडली, आणि तेवढ्यात शेजारी बसलेली त्यांची सून दीप्ती हातातलं पत्रक वाचता वाचता थांबली.

"आई, हे ऐका ना. क्लबनं झुझानाबद्दल लिहिलंय."

झुझानाची आज शेवटची शर्यत होती. पुढच्या महिन्यात खुब्याचं ऑपरेशन, मग धावणं बंद. वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरात त्यांच्या शेजारच्या घरात राहणारी ही अठ्ठावन्न वर्षांची स्लोव्हाक बाई एकेकाळी आठशे मीटरची शर्यत गाजवत असे. आता तिला तेच अंतर एकदा, फक्त एकदा, तीन मिनिटांच्या आत संपवायचं होतं. चार वर्षं ती त्या आकड्याच्या उंबरठ्याशी येऊन अडखळत होती.

दीप्ती वाचू लागली. स्लोव्हाकिया वेगळा झाला त्या वर्षी नव्या देशाची नवी जर्सी घालून झुझाना धावली. दोनदा राष्ट्रीय विजेती ठरली. युरोपातल्या एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत मात्र सगळ्यांत शेवटी आली. 'सकाळी ग्लासभर दूध प्यायले आणि अर्ध्या वाटेत पोटात कळ आली. त्यानंतर शर्यतीच्या दिवशी दूध वर्ज्य,' असं तिनंच क्लबला सांगितलं होतं.

सरलाताईंचा चेहरा पडला. कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की त्याच्या हातावर दही-साखर ठेवायची, हे त्यांनी ठाण्यात जन्मभर केलेलं. इथंही चार वर्षं प्रत्येक शर्यतीआधी झुझानाच्या तळहातावर त्या चांगलं घसघशीत दही घालत, आणि ती ते चाटूनपुसून खाई. मग दुसऱ्या फेरीत ती मागे पडली, की सरलाताई वेलिंग्टनच्या वाऱ्याला शिव्या मोजत.

"अगं, म्हणजे मीच की तिला..."

"आई, चिल. दही म्हणजे दूध थोडंच आहे?"

"ते पोटाला कोण सांगणार?" त्यांनी डबा पिशवीत खोल कोंबला.

वॉर्म-अप उरकून झुझाना आली आणि सवयीनं तिनं उजवा हात पुढे केला. दोघींचं इंग्रजी बेताचं, त्यामुळे गट्टी जमायला वेळ लागला नव्हता.

"आज दही नाही," सरलाताई म्हणाल्या. "मला कधी बोलली का नाहीस?"

झुझानानं पत्रकाकडे पाहिलं आणि ती ओशाळून हसली.

"पंधरा वर्षं धावले, सरला. घड्याळ घेऊन उभे राहणारे खूप होते. माझ्यासाठी घरून काही घेऊन येणारं कुणी नव्हतं."

 सरलाताईंनी नुसती साखर तिच्या हातावर ठेवली. ती तोंडात टाकून झुझाना रेषेवर जाऊन उभी राहिली.

या वेळी दुसऱ्या फेरीत ती मागे पडली नाही. वारा समोरून येत होता, खुबा दुखत असणारच, तरी ती मान खाली घालून धावत राहिली. सरलाताई बाकावर उभ्या राहून चक्क मराठीत ओरडत होत्या, "धाव गं बाई, धाव!"

फलकावर आकडा लागला. तीन मिनिटं आणि चार दशांश सेकंद.

चार वर्षांतली ही तिची सगळ्यांत चांगली वेळ होती. सरलाताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. झुझाना लंगडत लंगडत आली आणि त्यांच्या शेजारी धपकन बसली.

"बघितलंस?" ती धापा टाकत म्हणाली. "दही नव्हतं ना, म्हणून चार दशांशांनी हुकलं."

आणि तिनं हात पुढे केला.