वरच्या तारा

शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून सुनेने सफरचंद सुरीने उभं चिरलं. आत अळी ऐसपैस बसली होती. दुसरं चिरलं, तिसरं चिरलं. तीच गत. तिला इतका शीण आला की तिने कपाळ फांदीला टेकवलं.

यंदा फवारणीला फाटा देऊन तिने आणि सासऱ्यांनी झाडांना मादी पतंगाच्या वासाच्या तारा बांधल्या होत्या. बागभर तोच वास पसरला की नर भांबावतो, त्याला मादी सापडत नाही आणि फळावर अंडी पडत नाहीत. “म्हणजे जमलेली लग्नं मोडायची,” असं म्हणून सासरे खुसूखुसू हसले होते, आणि बांधायचं काम त्यांनी हट्टाने स्वतःकडे घेतलं होतं. नवऱ्याने मात्र फोनवर बजावलं होतं, की याही वर्षी अळी लागली तर बाग दुसऱ्याला चालवायला द्यायची आणि आबांनी घरी बसायचं.

नर मोजायला मादीच्याच वासाचं आमिष लावून टांगलेल्या सापळ्यात एकही नर येत नव्हता, म्हणून दोघं खुशीत होती. आता वरून पाहिलं तर सगळ्या तारा खाली, जमिनीवर उभ्या माणसाचा हात पोहोचेल तिथे. सापळाही तिथेच. शेंड्याकडे एकही तार नाही. खाली नर भांबावून फिरत होते आणि वर लग्नं धूमधडाक्यात लागत होती.

ती उतरली. सासरे झाडाखाली टोपीने वारा घेत होते.

“वरच्या तारा वाऱ्याने उडालेल्या दिसतात, आबा.”

नुसती मान हलवली असती तरी विषय मिटला असता. पण आपल्या हातच्या कामाला नावं ठेवलेली त्यांना सोसवेना.

“मी बांधलेली तार उडत नाही,” ते म्हणाले. “वर बांधल्याच नाहीत. चढवत नाही आता.”

तिला रागही आला आणि भडभडूनही आलं. पतंगांची पुढची पिढी अजून निघायची होती, तारा शिल्लक होत्या. तिने जुडगा कमरेला खोचला.

“त्याला फोनवर काय सांगशील?” त्यांनी विचारलं.

“दोघांनी मिळून बांधल्या म्हणून सांगेन. शिडी धरा.”

त्यांनी दोन्ही हातांनी शिडी धरली. ती चढू लागली. मघाशी एकटी चढली तेव्हा शिडी एवढी हलत नव्हती.

“घट्ट धरलीये,” ते खालून म्हणाले.

“हो, कळतंय,” ती म्हणाली आणि एका हाताने फांदी पकडून ठेवली.